यकृताची साक्ष

यदुनाथरावांच्या आतड्यातली फुगलेली शीर फुटली होती. डॉक्टरांनी रक्तात सोडलेल्या कणीएवढ्या यंत्राने ती आतूनच शिवली आणि परतताना निबर यकृताचे थर वाचले.

"कुमुदताई, रक्त थांबलं," पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाले. "आणि इतक्या वर्षांत दारूचा थेंबही गेलेला नाही हो यांच्या यकृतात. जुन्या काविळीने पोखरलंय ते."

अकरा वर्षं रोज संध्याकाळी नवऱ्याला दारातच थांबवून, तोंडाचा वास घेऊनच कुमुदताई आत सोडत होत्या. वास कधीच आला नाही. बडीशेप खाऊन येतात, अशी त्यांची खात्री होती. यदुनाथरावांनी आधी शपथा घेतल्या, मग बोलणंच सोडलं.

ते शुद्धीवर आले. माफी मागायला कुमुदताई वाकल्या.

यदुनाथरावांनी नजर भिंतीकडे वळवली आणि दारातल्या सवयीने तोंड उघडलं.