मॉरिशसचं पाणी

लालबागच्या चाळीत भिवाच्या दारापाशी येताच लवूने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

दोघे एकाच गिरणीत, एकाच खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर विणकर होते. गिरण्यांचा संप मिटेस्तोवर दुसरीकडे काम धरायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. संपाच्या आठव्या महिन्यात लवू कुणाला न सांगता मॉरिशसच्या कापडगिरणीत निघून गेला. आज दोन वर्षांनी तो भेटायला आला होता. भिवाला गिरणीने परत घेतलं नव्हतं. तो आता शिवडीच्या गोदामात पोती उचलत होता.

भिवाने त्याला चटईवर बसवलं, पण फारसं बोलला नाही. त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. लवूने आपलं पोट आत ओढून घेतलं.

भिवाची बायको मंजुळाच विचारत राहिली. तिकडे म्हणे माणसं बंगल्यात राहतात?

लवूला तिथल्या दोन खोल्या आठवल्या. मागे अंगण, घरातच संडास, रात्रंदिवस वाहणारा नळ.

"कसले बंगले, वहिनी," तो म्हणाला. "एका खोलीत सहाजण. संडासाला रांग."

"आणि पाणी?" भिवाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सकाळी तासभर. तेही बारीक."

दूध महाग, मासळी शिळी, रविवारीही पाळी. लवू बोलत गेला. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, आपण याच चाळीचं वर्णन करतोय. भिवा मात्र मन लावून ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"मग परत का येत नाहीस?" भिवा म्हणाला. "गोदामाचा मुकादम माझ्या ओळखीचा आहे. तीन दिवस तू जा, तीन दिवस मी जाईन. अर्धी अर्धी हजेरी. इथे निदान आपली माणसं आहेत."

लवूने मंजुळाकडे पाहिलं. तिची नजर पिठाच्या डब्यावर गेली. मग म्हणाली, "होईल हो, भावोजी. भागवू आपण."

खरं सांगून टाकावं म्हणून लवूने तोंड उघडलं. पण भिवाचा हात त्याच्या खांद्यावर येऊन पडला होता, पूर्वी पाळी सुटल्यावर पडायचा तसा.

"उद्या सकाळी सहाला ये. नाक्यावर थांबतो मी. तू आल्याशिवाय चहा घेणार नाही."

"येतो," लवू म्हणाला.

त्याचं विमान पहाटे चारला सुटणार होतं.