वरच्या खोलीतला लाईट

कॉम्प्युटरवर घराचं संध्याकाळचं चित्र करताना मी प्रत्येक खोलीचा उजेड वेगळा थर, आमच्या भाषेत पास, म्हणून सेव्ह करते, म्हणजे नंतर हवा तो दिवा लावता-विझवता येतो. गिऱ्हाइकाचं मन बदलतंच, आणि एका दिव्यासाठी पुन्हा पाच तास रेंडर लावून अख्खं चित्र नव्यानं काढायची माझी तयारी नसते. ताडकळसचे आप्पाराव आणि त्यांचा मुलगा बजरंग परभणीत माझ्या ऑफिसला आपल्या होणाऱ्या घराचं चित्र बघायला आले. बजरंगनं स्क्रीनवर वरच्या खोलीवर बोट ठेवलं. “इथला लाईट बंद करा मॅडम. ताईची खोली हाय. दोन वर्षं झाली, नवऱ्याचं घर सोडून आली. वास्तुशांतीच्या पत्रिकेवर हे चित्र छापायचंय. लोक इचारतील, वर कोण राहायलंय म्हणून.” मी तो पास बंद केला. खिडकी काळी झाली. आप्पाराव म्हणाले, “आता उलटं करा. तिचा लावा, बाकीचे सगळे बंद करा.” मी हॉल, स्वयंपाकघर, ओसरी, एकेक बंद करत गेले. काळ्या घरात वरची एकच खिडकी पिवळी राहिली. “बघ,” आप्पाराव मुलाला म्हणाले, “रोज पहाटं चारला ती म्हशीच्या धारा काढायला उठती, तवा आपलं आताचं घर बी असंच दिसतं. तू कवा बघितलं न्हाईस.” बजरंगनं स्क्रीनवरच्या त्या पिवळ्या खिडकीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “मॅडम, ताईचा राहू द्या. आता बाकीचे लावा.”