गुंड्यानं घरचं बाहेर सांगितलं

हौसाक्कांच्या थोरल्या नातवाचं लग्न झालं, त्या वर्षी कुत्र्यांच्या मनातलं त्यांचे गळपट्टे बोलायला लागले. हौसाक्का आपल्या कुत्र्याला, गुंड्याला, गाठीच्या ऑपरेशनला घेऊन गेल्या. भुलीचं इंजेक्शन भरून डॉक्टर तांबोळींनी विचारलं, “रात्रीपासून उपाशी आहे ना?”

“व्हय, बिचारा!”

तेवढ्यात गळपट्टा बोलला, “निघताना दही चाटलं. गोड होतं. अजून पाहिजे.”

“मेल्या, घरचं बाहेर सांगतोस?”

“आक्का, भुलीत उलटी होऊन छातीत गेली असती, तर जिवानिशी गेला असता!”

हौसाक्कांनी डोळ्याला पदर लावला. “चांगल्या कामाला दहीसाखर दिल्याबगार कसं निघायचं? ते खाण्यात धरत्यात व्हय?”

दुसऱ्या दिवशी गुंड्या उपाशी आला. गाठ निघाली. संध्याकाळी झोकांड्या खात तो म्हणाला, “जमीन हलते. भूक लागली.”

त्यानंतर सहा वर्षांनी, वैशाखात, गुंड्या म्हातारपणानं वारला.