पाच हात खालची माती

जमिनीत खार निघाला, तर धाकटा मुलगा सिवाचं मरूद्यान सोडून कैरोला जाणार होता. म्हणून हाज्जा मबरूका स्वतःच शेतात येऊन बसली.

माती तपासणाऱ्या रबीआने गिरमिट फिरवून हातभर खालचं ढेकूळ काढलं. "प्रयोगशाळा आहे ना, हाज्जा. चाखता कशाला?"

"तुझ्या प्रयोगशाळेला जीभ आहे का रे, मेल्या?" तिने ढेकूळ चावलं. "गोड आहे. अजून खोल जा."

पाच हातांवरचं ढेकूळ वर आलं, ते आधीच चावलेलं होतं. दातांची ओळ ताजी, ओली. समोरच्या एका दाताची जागा रिकामी.

हाज्जाने पटकन ओठ मिटले.

"बुजव ते भोक."

भोकातून तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "खारट आहे. पोराला जाऊ दे."