पाणपोईची जागा

"रांग मोडून येणाऱ्यांसाठी पाणपोई कसली घालता, बाबा? आपण अकरा वर्षं व्हिसाच्या रांगेत काढली."

"रांगेत आपल्याला पाणी तरी मिळत होतं, पोरी," कॅन गाडीत चढवत वडील म्हणाले. ॲरिझोनाच्या वाळवंटातून सीमा ओलांडणारी माणसं तहानेनं मरत, म्हणून दर रविवारी ते तिथं पाणी ठेवून येत.

"म्हातारा नेमका जातो कुठं?" त्या शनिवारी संध्याकाळी, घुसखोर हुडकत सीमेवर स्वतःहून बंदूक घेऊन फिरणाऱ्या शेजाऱ्यानं तिला विचारलं. कुणी दरडावलं तर बाबा घरी बसतील, असं वाटून तिनं जागा सांगितली.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन लागेना, तेव्हा ती तिथं पोचली. सगळे कॅन सुऱ्यानं फाडलेले होते. वडिलांच्या बरगड्या बुटांनी मोडल्या होत्या, डोकं बंदुकीच्या दस्त्यानं फोडलं होतं. सीमेपलीकडून आलेली एक बाई आपल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी त्यांच्या तोंडात सोडत होती.

"चौघं दबा धरून बसले होते," ते पुटपुटले. "त्यांना जागा कुणी सांगितली असेल गं?"

तिनं त्यांचं रक्तानं माखलेलं डोकं मांडीवर घेतलं.

"मी सांगितली, बाबा."