मधली खुर्ची

"आई, बाबा, तुम्ही एकमेकांशी शेवटचं थेट काय बोललात?"

'हिंमत असेल तर विचार,' असं मैत्रिणींनी डिवचलं होतं. वक्तृत्वाची ढाल जिंकलेली ऋजुता थोडीच माघार घेणार! तिने जेवता जेवता विचारून टाकलं.

"तुझ्या बाबांना विचार," आमटी वाढत आई म्हणाली.

"आईला सांग, मला आठवत नाही," बाबा ताटातच बघत म्हणाले.

दोन वर्षं घरात हे असंच चाललं होतं. टेबलाच्या मधल्या खुर्चीवरून ऋजुता निरोप पोचवायची आणि वर पदरची साखर पेरायची. 'गॅस संपलाय म्हणावं' याचं ती 'बाबा, आई म्हणते, दमला असाल, पण गॅसचं बघाल का?' करायची. आपल्या जिभेवरच घर तगलंय, अशी तिची खात्री होती.

"आई, बाबा म्हणतात, इतकं गोड बोलणं झालं होतं की..."

"पुरे गं! ते असं म्हणत नाहीत. कधीच म्हणाले नव्हते, ठाऊक आहे मला."

बाबांनीही मान हलवली. म्हणजे निरोपातली साखर तिच्या पदरची आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

ऋजुता पहिल्यांदाच गप्प बसून ऐकू लागली. आईच्या आवाजात राग नव्हता, बाबांच्या आवाजात रुसवा नव्हता. भांडण असतं तर तिने मिटवलं असतं. इथे मिटवायला काही उरलंच नव्हतं.

"उद्यापासून मी कुणाचा निरोप सांगणार नाही," ती हळूच म्हणाली. "इथेच बसेन. कुणी बोललं, तर ऐकेन."