जिराफाची मान

"ताई, आज जर आपण शेवटचे आलो ना, तर पुढच्या गुरुवारी तुझ्या जागी दुकानाशेजारचा केमिस्ट बसेल. आधीच सांगून ठेवतोय," भाऊ म्हणाला.

ताईने मान डोलावली. भावाच्या बायकोने नणंदेच्या कानांतल्या नव्या डुलांकडे एकदा पाहिलं आणि ती शेंगदाणे खात राहिली.

भावाचा संताप काही उगाच नव्हता. कोपऱ्यावरच्या या पबमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी सामान्यज्ञानाची स्पर्धा व्हायची आणि शेवटच्या टेबलाला शिक्षा ठरलेली असायची. त्या टेबलावरच्या एकाने काउंटरमागे जाऊन सगळे ग्लास पुसायचे. मालक धुणार, हरलेला पुसणार. गेले कित्येक गुरुवार ही शिक्षा भावाच्याच टेबलाला होत होती. भावाचं चष्म्याचं दुकान होतं आणि पबमधल्या निम्म्या नाकांवर त्याचेच चष्मे होते. शेजारच्या टेबलावरचे पोस्टमन तर टपूनच असायचे. "काय चष्मेवाले, प्रश्न दिसत नाहीत का हल्ली?"

आणि हरवायची कोण, तर ताई! घरी हीच ताई टीव्हीवरच्या स्पर्धकाने तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायची. ती जनावरांची डॉक्टर. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, "जनावरं परवडतात, मध्ये बोलत नाहीत." पण पबमध्ये पाऊल टाकलं की हिच्या डोक्याला कुलूप. मागच्या गुरुवारी तर कहरच झाला. गायीच्या पोटाला कप्पे किती, असा प्रश्न आला. चार असतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ताई म्हणाली, "तीन." भावाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग नेहमीप्रमाणे ती उठली, "चूक माझी आहे, मीच जाते," म्हणाली आणि फडकं घेऊन मालकाशेजारी उभी राहिली. बिचारी चारचौघांत घाबरते, असा निष्कर्ष भावाने काढला. भाऊ दुसऱ्यांचे डोळे तपासायचा, हे इथे सांगितलेलं बरं.

मालकाकडे दयामाया मागण्यात अर्थ नव्हता. लोक त्याला तराजू म्हणायचे. एकदा त्याच्या सख्ख्या काकांनी वेळ संपल्याची घंटा वाजल्यावर क्षणभराने बरोबर उत्तर दिलं होतं. त्याने गुण दिला नाही. काका अजून त्याच्याशी बोलत नाहीत. लग्नाचं वय काउंटरमागेच निघून गेलेला हा माणूस, पण अर्ध्या गुणाचीही लबाडी त्याने कधी केली नव्हती.

आज ताईने बरी उत्तरं दिली. भाऊ सारखा तिच्याकडे बघत होता, ती सारखी त्याच्या चेहऱ्याकडे. तरीही शेवटी चष्मेवाले आणि पोस्टमन तळाला बरोबरीत आले. अशा वेळी बरणीतून प्रश्नाची एक चिठ्ठी निघायची. आधी हात वर करील त्याने उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर सुटला, चुकलं तर फडकं.

मालकाने चिठ्ठी काढली, वाचली आणि त्याचा चेहरा पडला. त्याने ती पडलेल्या आवाजातच सगळ्यांना वाचून दाखवली. "जिराफाच्या मानेत मणके किती?"

"हा तर त्यांचा घरचा पेपर!" थोरला पोस्टमन ओरडला. त्याने हात वर केलाच नाही.

"ताई!" भावाने टेबलाची कड घट्ट धरली. निकालाच्या दिवशी लहानपणी तो असाच बसायचा. ताईने काउंटरकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. तिला त्याची फार दया आली. तिने हात वर केला.

"सात," ती हळूच म्हणाली. "माणसाच्या मानेत असतात तेवढेच."

भावाने सुटकेचा निःश्वास टाकला. हे तिने त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. पोस्टमन आपसांत फडकं कोणी घ्यायचं यावरून कुजबुजू लागले.

मालकाने चिठ्ठी उलटून मागची बाजू पाहिली. उत्तर तिथेच लिहिलेलं असायचं. त्याने चिठ्ठीची नीट घडी केली आणि ती खिशात टाकली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"चूक," तो म्हणाला. "चौदा."

औषधाच्या बाटलीवरची एवढीशी चूक दिसली तरी कंपनीला फोन लावणारी ताई आता मालकाशी कडाकडा भांडणार, असं सगळ्यांना वाटलं. ताईने त्याच्या लाल कानांकडे पाहिलं. मग ती अशी काही हसली की भावाने तिचं असं हसू पूर्वी पाहिलंच नव्हतं.

"चौदा होय? मग माझंच चुकलं," ती म्हणाली आणि बाह्या सरसावत काउंटरमागे गेली.

भाऊ ताडकन उठायला गेला. बायकोने टेबलाखालून त्याला असा चिमटा काढला की तो मटकन खाली बसला. त्याने काउंटरकडे पाहिलं. मालक तिच्यासाठी कोरडं फडकं शोधत होता आणि हातात तीन फडकी असूनही त्याला ते सापडत नव्हतं. भावाला पहिल्यांदाच ताईच्या कानांतले नवे डूल दिसले.

इतक्यात थोरला पोस्टमन उभा राहिला. माणूस प्रामाणिक. "एक मिनिट हं मालक. चष्मेवाल्यांवर अन्याय होतोय. मला आत्ता आठवलं, सातच अस—"

"हरलोय म्हटलं ना आम्ही!" भाऊ गरजला. "बसा खाली!"